वळताना पुढच्या चाकातून टक-टक : नक्की काय गेलंय?

वळणवाट | शुक्रवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

पेट्रोल हॅचबॅक, २०१४ ची, ९३ हजार किलोमीटर झालेत. महिनाभर एक आवाज छळतोय. स्टिअरिंग पूर्ण कापून गाडी वळवली की पुढून टक-टक-टक असं वाजतं. घर कोल्हापुरात कळंब्याला, बोळात. सकाळी गाडी मागं घेऊन वळवताना रोज येतोच. परवा सायबर चौकात यू-टर्न मारताना शेजारच्या दुचाकीवाल्यानं मान वळवून चाकाकडं बघितलं, इतका मोठा.

सरळ रस्त्यावर टक-टक नाही. पण साठच्या पुढं गेलं की बारीक घूंऽऽऽ असं काहीतरी असतं. तो आवाज आधीपासून होता की आत्ता सुरू झाला, सांगता येत नाही. टक-टकमुळं कान टवकारले आणि मग तोही ऐकू यायला लागला.

काल एका गॅरेजला दाखवली. त्यांनी एक चक्कर मारली आणि यादी दिली : दोन्ही एक्सल (चाकाला जोर नेणारे शाफ्ट), पुढची दोन्ही बेअरिंग, दोन्ही लिंक रॉड. अठरा हजार. कुठला आवाज कशाचा असं विचारलं, तर 'सगळंच गेलंय, एकदम करून टाका' एवढंच. पैसे द्यायला माझी ना नाही, पण काय बिघडलंय ते कळल्याशिवाय द्यायचे नाहीत.

पुढच्या रविवारी आईला घेऊन गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून वैभववाडीला मामाकडं जायचंय. गाडी न्यावी का? आणि आवाज कशाचा आहे ते आपलं आपण ओळखायचं कसं?

नादखुळा_९ | शुक्रवार, रात्री ९:५२

भावा, सीव्ही जॉइंट, एक्सलच्या चाकाकडच्या टोकाचा सांधा. डोळं झाकून.

शिरोलीकर | शुक्रवार, रात्री १०:०५

माझ्या गाडीचा असाच आवाज होता. वर्षभर तसाच चालवला, शिरोली ते गोकुळ शिरगाव रोज. काय सुदिक झालं नाही. पुढं गाडी विकली. उगाच खर्चात पडू नका, वळताना जरा हळू वळवा.

जुना_डेपो | शुक्रवार, रात्री ११:१०

वळणवाट, अठरा हजार आधी खिशातच ठेवा.

मी एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं काढली. एसटीच्या पुढच्या चाकांना इंजिनाचा जोर जात नाही, त्यामुळं हा टक-टकचा आजार तिला होत नाही. तो मी घरच्या गाडीवर शिकलो. पण आवाज ओळखायची रीत सगळ्या गाड्यांना एकच. 'कुठून येतो' हे पहिलं विचारायचं नाही, 'कधी येतो' ते विचारायचं. आवाज पत्र्यातून फिरतो, डाव्या चाकातला उजव्या पायाशी ऐकू येतो. कुठून येतो त्यात माणूस फसतो, कधी येतो त्यात सहसा फसत नाही.

तुमचे आवाज दोन आहेत, ते वेगळे धरा. एकाच यादीत घातले की अठरा हजार होतात.

टक-टकसाठी रिकामं मैदान बघा. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला कापा, पहिल्या गिअरात हळू गोल फिरा आणि मग थोडा ॲक्सिलरेटर द्या. जोर दिल्यावर आवाज मोठा झाला, आणि क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू दिल्यावर कमी झाला किंवा थांबला, तर जोर वाहून नेणारा भाग दुखतोय. म्हणजे सीव्ही जॉइंट. मग दुसऱ्या बाजूला कापून तेच. मग रिव्हर्समध्ये तेच.

क्लच दाबूनही आवाज तस्साच राहिला, तर त्याचा जोराशी संबंध नाही, तो नुसत्या चाक फिरण्याचा आहे. मग डिस्कच्या मागचा पत्रा वाकून घासतोय का, त्यात खडी अडकलीय का, टायर आतल्या प्लॅस्टिकला लागतोय का, ते बघायचं.

गाडी जागेवर उभी असताना नुसतं स्टिअरिंग फिरवलं आणि टण्ण वाजलं, तर चाकाचा काही दोष नाही. शॉकअपच्या वरच्या माउंटिंगमधलं बेअरिंग अडकतंय, स्प्रिंग पिळली जाते आणि एकदम सुटते. घरातल्या कुणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगून तुम्ही स्प्रिंगवर बाहेरून तळहात ठेवा, सुटताना झटका लागतो. बोटं वेटोळ्यांत घालायची नाहीत.

आणि ह्या सगळ्याच्या आधी चारी चाकांचे नट पान्यानं ताणून बघा. पंक्चर काढल्यावर नट ढिले राहिलेल्या गाड्या मी बघितल्यात. त्यांचाही वळताना कट-कट असाच आवाज येतो आणि सुरुवातीला कुणाच्या लक्षात येत नाही.

शिरोलीकर, वर्षभर चाललं हे तुमचं नशीब. सीव्ही जॉइंट खूप दिवस बोलत राहतो हे खरं. पण घाटाच्या चढाला तो तुटला तर गाडी आहे तिथं थांबते. एका बाजूचा शाफ्ट तुटला तरी दुसऱ्या बाजूवर चालेल असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. दोन्ही चाकांना जोर वाटून देणारं डिफरन्शियल सगळी फिरत तुटक्या, मोकळ्या बाजूला देऊन टाकतं आणि चांगल्या चाकाला जोर मिळत नाही. इंजिन ओरडतं, गाडी हलत नाही.

शिरोलीकर | शुक्रवार, रात्री ११:२२

काका, हे डिफरन्शियलचं डोक्यात नव्हतं. माझं रोजचं सपाटीचं जाणं-येणं, म्हणून निभावलं असणार. वळणवाट, माझं ऐकून घाटात जाऊ नका.

उद्यमनगरी | शनिवार, सकाळी ७:३०

टक-टकच का होतं ते मी सांगतो. लेथ आणि ग्राइंडिंगवर वीस वर्षं झाली.

सीव्ही जॉइंट म्हणजे एक बाहेरची वाटी, एक आतला गड्डा, दोघांवर खोबणी, खोबणीत सहा गोळ्या आणि त्या गोळ्या एका पातळीत धरणारा पिंजरा. गाडी सरळ जाते तेव्हा गोळ्या खोबणीत एका जागी बसून जोर देतात. वळलं की चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक गोळी खोबणीत पुढं-मागं सरकते. माणूस बहुतेक वेळ सरळच गाडी चालवतो, म्हणून खोबण झिजते ती बरोबर त्या सरळच्या जागी. तिथं वाटीसारखा खड्डा पडतो. वळताना गोळी खड्ड्यातून निघून काठावर चढते आणि परत पडते. टक. पुढची गोळी, टक. जोर जास्त तितका आवाज मोठा, चाक जोरात तितका ठोका जलद. सरळ रस्त्यावर गोळी खड्ड्यात निवांत बसलेली असते, म्हणून आवाज नाही.

हा जॉइंट रझेप्पा नावाच्या फोर्डमधल्या इंजिनिअरनं १९२६-२७ च्या सुमारास काढला. त्याआधी क्रॉसचे साधे जॉइंट होते, जे आजही जीप-टेम्पोच्या प्रोपेलर शाफ्टला असतात. क्रॉस वाकून फिरला की पलीकडचा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा हळू होतो. वळणाऱ्या पुढच्या चाकाला तसं लावलं तर स्टिअरिंग हातात थडथडेल. गोळ्यांच्या जॉइंटमध्ये दोन्हीकडचा वेग कायम सारखा राहतो.

आपल्याकडं हा प्रकार घरोघरी पोचला तो १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आल्यावर. ॲम्बेसेडर, पद्मिनी सगळ्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या. आमचे जुने मिस्त्री सांगायचे, पहिल्यांदा टक-टक ऐकली तेव्हा बेअरिंग समजून चाकं खोलली होती.

आणखी एक. चांगला जॉइंट सहसा आपणहून जात नाही. जॉइंटवर चढवलेला रबरी बूट फाटतो, काळं ग्रीस बाहेर उडतं, आत धूळ-पाणी जातं आणि मग खोबण खलास. म्हणून आधी बूट बघा. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण कापलं की चाकाच्या मागं मोबाईल घालून फोटो काढता येतो. बुटाच्या घडीत चीर, रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले की समजायचं.

नादखुळा_९ | शनिवार, सकाळी ८:०२

मी एका ओळीत सांगितलं, तुम्ही आख्खा जॉइंट खोलून दाखवला. नाद नाही करायचा उद्यमनगरचा!

पंचगंगाकाठ | शनिवार, सकाळी १०:१५

टक-टकचं वर आलंच आहे. मी त्या घूं आवाजाबद्दल लिहितो, कारण तो मी सात महिने ऐकला.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमची गाडी दोन दिवस पाण्यात होती. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. पाणी त्याच्या वर गेल्यावर आमच्या गल्लीत येतं हे ठाऊक होतं, पण त्या वर्षी ते थांबलंच नाही. गाडी काढायला मिळाली नाही. ओसरल्यावर इंजिन, सीट, वायरिंग सगळं करून घेतलं. चाकाच्या बेअरिंगकडं कुणी बघितलं नाही. बाहेरून कोरडं दिसतं, आत गाळाचं पाणी सीलमधून शिरून बसलेलं असतं.

दिवाळीनंतर आवाज सुरू झाला. आधी वाटलं टायरचा. मग हायवेला तावडे हॉटेलच्या पुढं गेलं की गाडीत बोलायला मोठ्यानं बोलावं लागायचं. डावीकडं वळण आलं की आवाज वाढायचा, उजवीकडच्या वळणाला जवळजवळ बंद. एका गॅरेजनं डावं बेअरिंग बदललं, कारण म्हणे आवाज डावीकडून येतोय. काही फरक नाही. मजुरी आणि बेअरिंग दोन्ही पाण्यात. मग दुसऱ्या मिस्त्रींनी गाडीत बसून फक्त वळणं घेतली आणि म्हणाले, डावीकडं वळताना वजन उजव्या चाकावर जातं, दुखतंय ते उजवं. बदललं, गाडी गप्प.

तुमचा घूं वळणाला बदलतो का, ते बघा. आणि ज्यांच्या गाड्या २०१९ ला किंवा २०२१ ला पाण्यात होत्या त्यांनी एकदा चारी बेअरिंग हातानं फिरवून बघून घ्या. मी उशीर केला, तुम्ही करू नका.

मुक्काम_पुणे | शनिवार, सकाळी ११:००

पंचगंगाकाठ दादा, तुमचा नियम माझ्या गाडीला लागू पडला नाही. माझा आवाज उजवीकडे वळताना वाढायचा, म्हणजे तुमच्या हिशोबाने डावं बेअरिंग. खोलल्यावर उजवं खराब निघालं. त्यामुळे वळणावरून बाजू ठरवू नये असं माझं ठाम मत आहे.

पंचगंगाकाठ | शनिवार, सकाळी ११:२०

ताई म्हणा. आमच्या कोल्हापुरात बायका सुद्धा 'मी जातो, मी करतो'च बोलतात. माझी आजी, आई, मी आणि आता माझी लेक, सगळ्या तशाच. पुण्याला शिकायला होतो तेव्हा मैत्रिणी रोज दुरुस्त करायच्या, मी बदलले नाही… बघा, आत्ता लिहितानाच बदलले! बदललो नाही.

मुक्काम_पुणे | शनिवार, सकाळी ११:२४

माफ करा ताई. माझी सासूबाई गडहिंग्लजची आहे, तिचं 'मी येतो हं' ऐकायला फार गोड वाटतं. मला कळायला हवं होतं.

जुना_डेपो | शनिवार, दुपारी १२:४०

बेअरिंगचं दोघांचंही खरं आहे. वजन पडलं की दुखरं बेअरिंग बोलतं, हा नियम बहुतेक वेळा लागतो. पण चाकाच्या बेअरिंगमध्ये गोळ्यांच्या दोन रांगा असतात, आतली आणि बाहेरची. कुठली रांग गेलीय त्यावर कधी कधी उलटं होतं. म्हणून वळणावरून अंदाज घ्यायचा आणि हातानं खात्री करायची.

गाडी सपाटीला, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकाला दगड. जॅकवर पुढचं चाक उचला. चाक एका हातानं फिरवा, दुसऱ्या हाताची बोटं शॉकअपच्या स्प्रिंगला अलगद टेकवा. चांगलं बेअरिंग असेल तर स्प्रिंग मुकी. खराब असेल तर भरड दळल्यासारखी खरखर बोटांना लागते, कानाला ऐकू येत नसली तरी लागते. दोन्ही बाजूंना करून तुलना करा.

चाक वर आहे तोवर आणखी दोन गोष्टी. चाक वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडं धरून हलवा. डाव्या-उजव्या हलण्यात खेळ असेल तर टाय रॉडचं टोक किंवा स्टिअरिंग रॅक. वर-खाली खेळ असेल तर बेअरिंग नाहीतर लोअर आर्मचा बॉल जॉइंट, म्हणजे चाक खालून धरून ठेवणारा सांधा. ह्या दोघांत फरक कसा करायचा? घरातल्या कुणाला ब्रेक दाबून धरायला सांगा. डिस्क धरली की खेळ गेला, तर बेअरिंग. तरीही चाक हललं, तर बॉल जॉइंट.

बॉल जॉइंट गेला असेल तर घाट सोडा, गल्लीच्या बाहेर जाऊ नका. सीव्ही जॉइंट तुटला तर गाडी उभी राहते. बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवं पडतं.

आणि जॅकवरच्या गाडीखाली डोकं-हात काही घालायचं नाही. फक्त चाकाला हात.

पाचट | शनिवार, दुपारी ३:०५

सगळ्यांचं वाचलं. माझ्या आवाजाची गोष्ट वेगळी आहे, पण हंगाम चालू आहे म्हणून सांगतो.

मागच्या जानेवारीत कुडित्र्यावरून येताना ट्रॉलीतनं पडलेल्या उसावरनं गाडी गेली. दुसऱ्या दिवसापासून उजवीकडं वळलं की खर्रर्र, खर्रर्र. सरळ काही नाही. गॅरेजात एक्सल सांगितला. मी घरी येऊन स्टिअरिंग कापून चाकाच्या मागं बॅटरी मारली. वितभर उसाचं कांडं आतल्या प्लॅस्टिकच्या आच्छादनात आडवं घुसलेलं, टायर वळला की त्याला घासत होता. ओढून काढलं, संपलं. दुसऱ्या बाजूला शाफ्टला पाचट गुंडाळलेलं होतं, तेपण काढलं.

गगनबावडा रोडला कुडित्रे-कळे पट्ट्यात ह्या दिवसांत रात्रीचं जाऊ नका. ट्रॉल्यांना मागं दिवा असेलच असं नाही. आईंना घेऊन जाताय, उजेडातच निघा.

बोळातला_टेम्पो | शनिवार, संध्याकाळी ६:३०

माझी गाडी मागच्या चाकांवर चालते, मला पण वळतानाच आवाज येतो. मागून, कर्रर्र असा. सरळ काही नाही. बूट वगैरे काही नाही मागं. काय असेल?

जुना_डेपो | शनिवार, संध्याकाळी ७:१०

हाउसिंगचं, म्हणजे मागच्या डिफरन्शियलचं तेल कधी बदललंय? मागच्या डिफरन्शियलमध्ये स्टार गिअर असतात. सरळ जाताना दोन्ही चाकं सारखी फिरतात तेव्हा ते नुसते वाहून नेले जातात, आपल्याभोवती फिरत नाहीत. वळताना बाहेरच्या चाकाला लांबचा पल्ला आणि आतल्याला जवळचा, तेव्हाच ते एकमेकांवर फिरतात. म्हणून फक्त वळतानाच मागून आवाज आला की स्टार गिअर आणि त्याचे वॉशर बघायचे. सरळला पण कण्हत असेल तर क्राउन-पिनियन, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा जोर आत घेणारे गिअर. आधी तेल काढून बघा, त्यात लोखंडाचा चुरा दिसला तर उघडावं लागेल.

बोळातला_टेम्पो | शनिवार, संध्याकाळी ७:१८

तेल बदलल्याचं आठवतच नाही काका. उद्याच काढतो.

वळणवाट | रविवार, सकाळी ११:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. सकाळी लवकर शेंडा पार्ककडं मोकळ्या जागेत गेलो, बरोबर धाकटा भाऊ आणि एक वही. जे दिसलं ते लिहून काढलंय.

नट : चारी चाकांचे घट्ट.

जागेवर स्टिअरिंग फिरवलं : काही नाही. स्प्रिंग शांत.

डावीकडं पूर्ण कापून पहिल्या गिअरात : टक-टक नाही. जोर दिला तरी नाही.

उजवीकडं पूर्ण कापून : टक-टक लगेच. जोर दिला की मोठा. क्लच दाबला की जवळजवळ गायब. भाऊ बाहेर चालत होता, त्याला डाव्या चाकातून ऐकू आला. रिव्हर्समध्ये सगळ्यात स्पष्ट.

मग मोबाईल घालून फोटो काढले. डाव्या चाकाच्या बुटाला घडीतच बोटभर चीर आहे आणि रिमच्या आत काळं ग्रीस सुकून बसलंय. उजवा बूट अख्खा, कोरडा. लेथवाले दादांनी सांगितलं ते जसंच्या तसं समोर दिसलं तेव्हा भाऊ आणि मी दोघं रस्त्यावर बसून हसत होतो.

घूं मात्र सुटला नाही. वळणाला फारसा बदलत नाही, ना डावीकडं ना उजवीकडं. जॅकवर घेऊन स्प्रिंगला बोटं लावली, दोन्हीकडं सारखं, मुकं. वर-खाली, डावी-उजवीकडं, कशातच खेळ नाही. मग हा आवाज कशाचा?

पंचगंगाकाठ | रविवार, दुपारी १:१५

बेअरिंगचा असता तर वळणाला काहीतरी बदल जाणवला असता. पुढच्या टायरवर हात फिरवून बघा, खाली-वर खवले लागतात का? एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं?

उद्यमनगरी | रविवार, दुपारी १:४०

ताईंचं बरोबर. सोपी कसोटी सांगतो. पुढची दोन्ही चाकं मागं टाका, मागची पुढं, बाजू तीच ठेवा. पुन्हा हायवेला साठ-सत्तरनं जा. आवाज मागं गेला तर टायरचा. पुढंच राहिला तर बेअरिंगचा. बेअरिंग हबमध्ये राहतं, टायरबरोबर जात नाही. खर्च शून्य, फक्त घाम.

नट घट्ट करताना एकामागून एक गोलात नको, समोरासमोरचे. आणि शंभरएक किलोमीटर झाल्यावर परत एकदा ताणून बघा.

मुक्काम_पुणे | रविवार, दुपारी २:३०

सीव्हीचं सिद्ध झालंच आहे, तर माझा सल्ला पूर्ण शाफ्ट बदला. नुसता बाहेरचा, चाकाकडचा जॉइंट बसवण्यात मजुरी तेवढीच जाते.

उद्यमनगरी | रविवार, दुपारी २:५५

नाही पटलं. आतला, गिअरबॉक्सकडचा जॉइंट चांगला असेल तर तो काढून भंगारात का टाकायचा? आतला गेला असता तर सरळ रस्त्यावर जोर देताना गाडी थरथरली असती, ती तर थरथरत नाही. बाहेरचा जॉइंट, नवीन बूट, जॉइंटबरोबर येतं तेच काळं ग्रीस, नवीन क्लिपा. फक्त जॉइंट चांगल्या कंपनीचा घ्या, दुकानात हातानं वाकवून बघा, कुठंही अडकता कामा नये. स्वस्तातला सहा महिन्यांत परत टक-टक करतो.

आणि वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी : बूट फाटलाय पण आवाज अजून नाही, अशा वेळी नुसता बूट आणि ग्रीस बदलून जॉइंट वाचतो. आवाज सुरू झाल्यावर नवीन ग्रीस घालून खड्डे भरत नाहीत. उजव्या बुटावर लक्ष ठेवा, तोही त्याच वयाचा आहे.

कट्टा_रंकाळा | सोमवार, रात्री ९:००

धागा वाचून मी पण माझा आवाज विचारतो. आमच्या नवीन अपार्टमेंटच्या खालच्या पार्किंगला गुळगुळीत फरशी आहे. हळू वळलं तरी चारी टायर च्यीं-च्यीं ओरडतात. रस्त्यावर अजिबात नाही. गाडी आठ महिन्यांची.

उद्यमनगरी | सोमवार, रात्री ९:३५

काळजी नको, गाडी निरोगी आहे. वळताना आतलं चाक लहान वर्तुळावर जातं, बाहेरचं मोठ्या, म्हणून आतलं चाक जास्त कापावं लागतं. घोडागाडीच्या काळात म्युनिकच्या लँकेन्सपर्गर नावाच्या कारागिरानं ही जोडणी काढली आणि त्याच्यासाठी ॲकरमन यांनी १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं, म्हणून नाव ॲकरमनचं पडलं. पण कुठल्याही गाडीत ती प्रत्येक कोनाला शंभर टक्के जुळत नाही, थोडं घसटणं राहतंच. खडबडीत रस्त्यावर ते ऐकू येत नाही, गुळगुळीत रंगवलेल्या फरशीवर रबर ओरडतं. शेजाऱ्यांच्या गाड्यांचं ऐका, त्यापण ओरडत असतील.

कट्टा_रंकाळा | सोमवार, रात्री ९:५०

आत्ता खाली जाऊन उभा राहिलो. चार गाड्या आल्या, चारही ओरडल्या. झोप लागेल आता.

बोळातला_टेम्पो | मंगळवार, सकाळी ८:२०

काका, तेल काढलं. काळं कुळकुळीत, त्यात चमचमणारा चुरा. चुंबक धरलं तर केसाळ झालं. उघडायला दिलीय. आठ दिवस धंदा बंद, पण रस्त्यात जाम झाली असती तर गिऱ्हाइकाचा मालपण अडकला असता.

जुना_डेपो | मंगळवार, सकाळी ९:०५

उघडलीच आहे तर पिनियनचं सील आणि दोन्ही बाजूची बेअरिंगपण बघून घ्यायला सांगा. परत उघडायला लागू नये.

वळणवाट | गुरुवार, रात्री १०:३०

आता शेवटपर्यंतचं सांगतो.

मंगळवारी भाऊ आणि मी चाकांची अदलाबदल केली, पुढची मागं. कागलपर्यंत जाऊन आलो. घूं आवाज मागच्या सीटवर गेला! भाऊ मागं बसला होता, तो म्हणाला, आता माझ्या कानाशी आहे. म्हणजे टायरच. ताईंनी सांगितलं तसा हात फिरवला, आतल्या कडेला उलट्या दिशेनं चक्क करवत लागते. अलाइनमेंट बघितली, पुढची दोन्ही चाकं बाहेर फाकलेली होती. ती करून घेतली. टायर अजून वर्षभर चालतील असं सांगितलंय, आवाज सोसायचा.

बुधवारी वेगळ्या मिस्त्रींकडं गेलो. वही आणि फोटो पुढं ठेवले. त्यांनी वही पूर्ण वाचली, मग स्वतः एक गोल मारला आणि म्हणाले, 'डावा बाहेरचा. बाकी कशाला हात लावत नाही.' बॉल जॉइंट आणि टाय रॉड मुद्दाम परत बघायला लावले, दोन्ही चांगले. लिंक रॉडमध्ये काहीच नव्हतं. जॉइंट, बूट, ग्रीस, मजुरी धरून चार हजार दोनशे. अलाइनमेंट वेगळी.

आज सकाळी बोळातून गाडी मागं घेतली, पूर्ण कापून. काहीच आवाज नाही. आई दारात उभी होती, म्हणाली, 'गाडी चालू केलीस का रे?' ही गाडी वडिलांनी घेतली होती. ते गेल्यावर तिची देखभाल मला जमत नाहीये असं मनात खात होतं. ते आज थोडं कमी झालं.

जुना जॉइंट मागून घेतलाय. गोळ्या काढून बघितल्या, खोबणीत खरंच नखाला लागतील असे खड्डे आहेत. रविवारी उजेडातच निघतो, कुडित्र्याच्या ट्रॉल्यांच्या आधी.

पाचट | गुरुवार, रात्री १०:४१

गगनबावड्यात धुकं असेल, घाट उतरताना गिअरातच उतरवा, ब्रेकवर नको. मामांकडनं येताना कोकम आणा.

पंचगंगाकाठ | गुरुवार, रात्री १०:५५

आईंना नमस्कार सांगा. शंभर किलोमीटर झाल्यावर नट ताणायला विसरू नका, म्हणजे वैभववाडीत पोचल्यावर लगेच.

उद्यमनगरी | गुरुवार, रात्री ११:१०

तो जुना जॉइंट टाकू नका. कोकणातून आल्यावर इकडं घेऊन या. वाटी मधोमध कापू, खड्डे किती खोल पडलेत ते डायल लावून मोजू आणि फोटो इथं टाकू.